चार लिटर माणशी

"अहो, गाडीत नळ आहे, नळ! आणि फिरवला की पाणी येतं!"

लातुरात तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि यांची वामकुक्षी मोडली होती. पलीकडून जांभई आली आणि मग आवाज. "म्हणजे नळाला पाणी बघायला तू न्यूझीलंडपर्यंत गेलीस?"

मी ऐकतेय कुठे! शेगडीला तीन बर्नर आहेत. बाकाखाली पाण्याची टाकी आहे. जेवणाचं टेबल खाली दाबलं की त्याचा पलंग होतो, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा आहे आणि त्या माळ्यावर लेक-जावई झोपतात. फ्रीज गॅसवर चालतो, गॅसवर! ज्योत पेटते आणि आत दही गार होतं. मी एका दमात सांगत सुटले. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, जो तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येकानं विचारलाय.

"आणि संडास?"

सांगते. पण त्याआधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर एवढा उत्साह कशाचा ते कळायचं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. लेक आणि जावई ख्राइस्टचर्चला असतात. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनं मोटरहोम घेतलं. डिझेल व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं, सात मीटर लांब, तीन मीटरहून उंच. फोटो बघून मला वाटलं होतं, कसली हौस ही, धड घर नाही न धड गाडी. एप्रिलमध्ये गेले तेव्हा दोघांनी दहा दिवसांची सुट्टी काढली आणि मला त्या गाडीत घातलं. दक्षिण बेटाला वळसा: टेकापो, आओराकी, वानाका, हास्ट, पश्चिम किनारा, आर्थर्स पास आणि परत. सुमारे १,२०० किलोमीटर.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी जावयांनी मला गाडी समजावून सांगितली. "आई, हिच्या पोटात तीन टाक्या आहेत. चांगलं पाणी ९० लिटर, बेसिन-मोरीचं सांडपाणी ८० लिटर आणि संडासाची पेटी १८ लिटर. तीन दिवस कुठंही नळ, गटार, वीज मिळाली नाही तरी हिचं अडत नाही. त्याचा दाखला काचेवर लावलाय."

तो दाखला तिथं मोलाचा. गाडीत राहून कुठंही मुक्काम ठोकण्याबद्दल त्यांचा कायदा २०११ चा, आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. आता संडास गाडीत कायमचा बसवलेलाच लागतो, उचलून ठेवायचा चालत नाही. दाखला नसेल तर नगरपालिकेच्या बहुतेक फुकट जागांवर रात्र काढता येत नाही, दंड होतो. मी विचारलं, "तीन दिवसांना किती पाणी धरलंय त्यांनी?"

"माणशी रोज चार लिटर. किमान तेवढी टाकी हवी."

चार लिटर माणशी! मी ताठ बसले. वाचकहो, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आलं ते आमच्या लातूरला. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती ती आमच्या गावात. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. आम्ही चौघं. गणित करा: माणशी सव्वासहा लिटर. त्यात आंघोळ, स्वयंपाक, भांडी, कपडे आणि उरलेल्यात तुळस. म्हणजे सातासमुद्रापार कुण्या तज्ज्ञांनी बसून जे मोजमाप ठरवलं, त्याची परीक्षा मी आधीच देऊन बसले होते, आणि पासही झाले होते!

लेक मात्र विसरली होती. पहिल्या मुक्कामाला, टेकापोच्या तळ्याकाठी, तिनं घरच्यासारखी आंघोळ केली. गाणं म्हणत. मग जावयांनी भांडी धुतली, नळ सोडून. झोपायच्या आधी भिंतीवरचं बटण दाबून पाहिलं तर टाकीचा काटा पावाच्या खाली! एका दिवसात तिघांनी सत्तर लिटर उडवलं होतं. बाहेर ते निळं, दुधी तळं पसरलेलं. हिमनदी खडक दळते, त्या पिठानं पाण्याला तो रंग येतो म्हणे. काठावर १९३५ सालचं दगडी चर्च. आणि आत आम्ही तिघं त्या काट्याकडे बघतोय.

"आता माझ्या हातात द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणीखातं माझ्याकडे. पंपाचं बटण बंद, लागेल तेव्हाच चालू. आंघोळीला आधी अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ: माणशी सहा लिटर. गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी वाहून जातं ते पातेल्यात धरायचं, त्यात तांदूळ धुवायचे. ताटं आधी कागदानं पुसायची, मग एका भांड्यात विसळायची. काकडी, टोमॅटो धुतलेलं पाणी मोरी धुवायला. लेक हसायची, "आई, तू टँकरच्या मोडमध्ये गेलीस." गेलेच होते! आणि काय सांगू, मजा येत होती. गावाकडे जी कटकट होती तिचं इथं कौशल्य झालं होतं. तेच नव्वद लिटर आता आम्हाला जवळजवळ दोन दिवस पुरायला लागलं.

पाणी भरण्याचे नियम तर मला तोंडपाठ झाले. प्यायच्या पाण्याचा पाइप वेगळा, त्याला दुसरं काही शिवू द्यायचं नाही. भरून झाला की निथळून, दोन्ही तोंडं एकमेकांत बसवून ठेवायचा, म्हणजे आत किडा-मुंगी जात नाही. भरण्याआधी नळ दोन मिनिटं तसाच सोडायचा आणि नळाचं तोंड पुसून घ्यायचं, कारण आपल्या आधी तिथं कुणी काय धुतलं असेल सांगता येत नाही. वर्षातून एकदा टाकी धुवायची: पाण्यात अगदी थोडं क्लोरीन, पंप चालवून प्रत्येक नळापर्यंत ते पोचवायचं, काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत खळबळून टाकायचं. आमच्याकडे विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, अगदी तेच! आणि थंडीत गाडी उभी ठेवायची असेल तर सगळं पाणी काढून टाकायचं, नळ उघडे ठेवायचे. पाइपात पाणी गोठलं की ते फुगतं आणि पाइप फोडतं. लातूरच्या बाईला हे कसं सुचणार? पण टेकापोला सकाळी गवतावर पांढरं हिंव पाहिलं आणि पटलं.

आता सांडपाणी. इथं माझी एक फजिती झाली. दुसऱ्या दिवशी मी पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि छतावरून अशा काही किंचाळ्या उठल्या की मी झारा टाकून बाहेर पळाले! धुराचा अलार्म. शेजारच्या गाडीतलं वयस्कर जोडपं हातात कप घेऊन बघायला आलं. जावयांनी छतावरची खिडकी उघडली, टॉवेल हलवला. तेव्हापासून आमचा नियम: आधी छत उघडायचं, मग मोहरी टाकायची. त्या जोडप्याला मी पोहे दिले. त्या आजींनी मला एक गोष्ट शिकवली ती अशी की तेलकट कढई कधी बेसिनमध्ये धुवायची नाही. आधी कागदानं तेल टिपून घ्यायचं. नाहीतर ते तेल सांडपाण्याच्या टाकीत जाऊन भिंतीला धरतं आणि आठवड्याभरात गाडीला असा वास येतो की माशीही आत यायची नाही. जाळीवर अडकलेला भाताचा कणही कचऱ्यात. आणि ते सांडपाणी रस्त्याकडेला, झाडाखाली, कुठंही सोडायचं नाही. नुसतं भांड्यांचं का असेना.

सोडायचं कुठं? डंप स्टेशनवर! हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला आणि आता कुठल्याही गावात शिरताना मंदिराच्या कळसासारखी त्याची पाटी शोधते. छोट्या छोट्या गावांतही ही सोय असते, बहुतेक ठिकाणी फुकट. सिमेंटचा ओटा, मध्ये झाकणाचं तोंड, बाजूला धुवायचा नळ. गाडी बरोबर त्यावर आणायची, सांडपाण्याचा पाइप जोडायचा, झडप उघडायची, झालं. तिथला नळ प्यायचा नव्हे, हे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि तरी तो चुकून वापरणारे असतातच म्हणे.

आणि आता यांच्या प्रश्नाचं उत्तर.

संडासाखाली एक पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. बाहेरून, गाडीच्या अंगातलं एक छोटं दार उघडून ती ओढून काढायची. भरत आली की आत लाल दिवा लागतो. तिघांना दोन दिवस, फार तर अडीच. तिसऱ्या दिवशी तो दिवा लागला आणि जावयांनी हातमोजे चढवले.

मी गडबडले. "अहो, तुम्ही? तुम्ही नका! मी करते." जावयानं सासूचा मैला उचलायचा? हे कुठल्या शास्त्रात बसतं? माझी आई स्वर्गातून बघत असती तर तिनं पदरात तोंड लपवलं असतं. जावई शांतपणे म्हणाले, "आई, इथं ज्याचा त्याला उचलायचा असतो." आणि चाकाच्या सुटकेससारखी ती पेटी ओढत निघाले. ओट्यावर आधीच दोघं रांगेत होते. एक हृदयाचे डॉक्टर, एक ट्रक चालवणारी बाई. दोघांच्या हातात आपापली पेटी, हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या.

मी तिथं उभी राहून बघत होते आणि माझा उत्साह क्षणभर गप्प झाला. आमच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलं, कुणाकडून करून घेतलं, ते मला ठाऊक आहे. मी शाळेत मुलांना स्वच्छतेवर निबंध घालत होते आणि माझ्या हातून माझी स्वतःची घाण एकदाही उचलली गेली नव्हती. पुढच्या वेळी हातमोजे मी घातले. ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दोनदा पाणी घालून हलवून ओतायचं. मग थोडं पाणी आणि औषधाचं माप. झडपेच्या रबराला अधूनमधून सिलिकॉनचं वंगण लावायचं, व्हॅसलीन नव्हे, त्यानं रबर फुगतं. पाच मिनिटांचं काम. वास? खरं सांगू, आपल्या कुठल्याही बसस्टँडपेक्षा कमी.

तिथून आम्ही आओराकीच्या पायथ्याला गेलो. न्यूझीलंडचं सर्वांत उंच शिखर, ३,७२४ मीटर. सरकारी निसर्गसंवर्धन खात्याचा तळ, व्हाइट हॉर्स हिल. गाडीला जोडायला वीज नाही. लेक म्हणाली, "आई, आज बॅटरीवर."

भारनियमन! हेही माझ्याच घरचं. गाडीला दोन बॅटऱ्या असतात: एक इंजिनाची, एक घराची. घराच्या बॅटरीवर दिवे, पंप, हीटरचा पंखा, फोन. इंजिनाच्या बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर सकाळी गाडी उठायची नाही. भिंतीवर आकडा दिसतो. जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटरीला १२.७ म्हणजे पोट भरलंय, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली. त्याखाली वरचेवर नेली की तिचं आयुष्य घटतं. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, मी बारा वर्षं त्यात डिस्टिल्ड वॉटर घालतेय, मला हे कुणी सांगायला नको. मी तर दर तासाला तो आकडा वहीत लिहायला लागले. छतावर सोलर पॅनल आहे. सकाळी जावयांना शिडीवर चढवून ते फडक्यानं पुसून घेतलं, तर आकडा भराभर वर! धूळ किती वीज खाते बघा.

आणि रात्री आम्ही सगळे दिवे घालवले, बॅटरी वाचवायला म्हणून, आणि बाहेर आलो.

मला लिहिता येत नाही ते. टेकापो आणि आओराकीचा हा सगळा टापू २०१२ पासून अंधारासाठी राखलेला आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा तोंड खाली घालून उभे असतात. आकाशगंगा डोक्यावरून एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत सांडलेली. लहानपणी उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो तेव्हा अशीच दिसायची. पन्नास वर्षांनी पुन्हा भेटली. यांना फोन लावावा म्हटलं तर रेंज नव्हती, बरंच झालं.

थंडी मात्र मी म्हणत होती. मी सहज शेगडीकडे हात नेला, की जरा पेटवून ऊब घ्यावी. जावई पहिल्यांदाच माझ्यावर जोरात बोलले, "आई, नाही!" बंद गाडीत शेगडीच्या ज्योतीनं ऊब घेतली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. म्हणून गाडीत त्याचा वेगळा अलार्म असतो आणि त्याची बॅटरी तपासल्याशिवाय ते निघत नाहीत. शिवाय गॅस जळला की त्यातून वाफही निघते, ती खिडक्यांवर धरते आणि गाद्या दमट होतात. कितीही थंडी असली तरी एक खिडकी बोटभर उघडी हवीच.

गॅसचं खातं मी मग रीतसर शिकून घेतलं. त्यांचं सिलिंडर ९ किलोचं, आपल्या १४.२ च्या मानानं लहानगं. बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ते उभं असतं आणि चालत्या गाडीत बंद असतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो, म्हणून जमिनीला भोकं ठेवलेली असतात. मी त्यातल्या एकावर प्रेमानं पायपुसणं घातलं होतं! गार वारा येतो म्हणून! लगेच काढलं. गळती बघायची कशी? साबणाचा फेस लावून. हे मी त्यांना शिकवलं असं म्हणायला हरकत नाही, पण त्यांना ते माहीत होतं.

फ्रीजचं रहस्यही उलगडलं. गाडी चालू असताना तो बॅटरीच्या विजेवर, तळावर वीज मिळाली की त्या विजेवर आणि कुठंच काही नसेल तर गॅसवर. पण त्याच्या पोटातलं अमोनियाचं पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं, म्हणून गाडी तिरकी उभी असेल तर तो रुसतो. त्यासाठी चाकाखाली पिवळे उतरते ठोकळे घालतात. मी पाणी भरलेली वाटी टेबलावर ठेवली आणि आतून ओरडत राहिले, "अजून डावीकडे! पुरे, पुरे!" त्या रात्री दही काय सुंदर गार झालं म्हणून सांगू. कवडी पडेल असं.

चौथ्या दिवशी माझ्या हातून अपघात झाला. लिंडिस पास, ९७१ मीटर, दोन्ही बाजूला सोनेरी गवताचे डोंगर, मखमलीसारखे. वळण आलं आणि मागून एकदम गडगडाट. मी खणाची कडी लावायला विसरले होते. पोहे, हळद, शेंगदाण्याचं कूट, सगळी गाडीभर रांगोळी. हळद अजून त्या गालिच्यात आहे. त्या संध्याकाळी मी वानाकाला बसून मराठीत यादी केली आणि समोरच्या काचेखाली चिकटवली. निघण्यापूर्वी: गॅस बंद. पंप बंद. छतावरची खिडकी बंद. खणांच्या कड्या. फ्रीजची कडी. पायरी आत. विजेची वायर काढली का. सांडपाण्याची झडप बंद. ठोकळे उचलले का. आणि शेवटी एकानं गाडीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालायची. प्रदक्षिणेत एकदा लेकीची चप्पल सापडली, एकदा माझाच चहाचा कप, बंपरवर.

यादीच्या वर जावयांनी ठळक लिहिलं: उंची ३.२ मीटर. कारण आपण कारमध्ये नाही आहोत हे माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो आणि पेट्रोल पंपाचं छप्पर विसरत नाही. मागच्या चाकांच्या मागे दीड-दोन मीटर गाडी उरते, ती वळताना उलट्या बाजूला झोकांडते. शेजारच्या खांबाला आधी ती लागते. वाऱ्यात दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं, नाहीतर बिजागरीसकट जातं. मागं गाड्यांची रांग लागली की डावीकडे जागा बघून थांबायचं आणि सगळ्यांना जाऊ द्यायचं. वाहनं तिकडेही आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, तेवढं बरं. पश्चिम किनाऱ्याला पूल एकेरी. पाटीवर ज्याचा बाण छोटा, लाल, त्यानं थांबायचं. हास्ट नदीवरचा असा पूल ७३७ मीटर लांब! त्यावर मध्येच समोरच्याला वाट द्यायला रुंद जागा ठेवल्यात. मी अख्खा पूल श्वास धरून बसले.

वजनही मोजायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. टाकी भरली की नव्वद किलोचा एक माणूस जास्तीचा बसला समजा. मग सायकली, खुर्च्या, सासूबाईंची बॅग. मालकानं एकदा तरी भरल्या गाडीनिशी वजनकाट्यावर जावं म्हणतात, साखर कारखान्यात उसाची गाडी जाते तसं, आणि पुढच्या-मागच्या चाकांचा भार वेगवेगळा बघावा.

आर्थर्स पासला आमच्या गाडीवर चोर बसला. केआ, डोंगरातला हिरवा पोपट, बदकाएवढा, फक्त याच बेटावर सापडतो. रबर त्याचा जीव की प्राण. आम्ही चहा घेतोय तोवर साहेब खिडकीच्या रबरी पट्टीवर चोच चालवतायत! त्याला खायला घालायचं नाही, दगड मारायचा नाही, संरक्षित पक्षी आहे. गाडी हलवायची, दुसरं काय.

पण त्या निमित्तानं जावई छतावर चढले, पट्ट्या तपासायला, आणि मीही शिडीवरून डोकावले. तिथं मला या गाड्यांचा खरा शत्रू कळला: ओल. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा, पॅनलचे स्क्रू, यातून केसाएवढी फट पडते, पाणी भिंतीच्या आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून गाडी झकास. म्हणून वर्षातून दोनदा छत धुऊन सांध्यांवरून बोट फिरवायचं. आमच्या माळवदावर मिरगाच्या आधी पांढरी माती पसरायचे माझे वडील. तेच! तेच काम!

आणि टायर. जावयांच्या टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूला बारीक भेगा. या गाड्या चालून झिजत नाहीत, उभ्या राहून झिजतात. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मी चारही टायरांभोवती उकिडवी बसून ते वाचले, गणिताच्या बाईला आकडे मिळाले की झालं. एक टायर सहा वर्षांचा निघाला. परत आल्यावर तो बदलला. हवा नेहमी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना बघायची. आणि घरी गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मधूनमधून थोडी हलवायची, म्हणजे एकाच जागी भार पडत नाही.

आपल्या सरकारनंही कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. गाड्या येतीलही. पण डंप स्टेशनचा ओटा आधी यायला हवा, नाहीतर ते सांडपाणी कुठल्या तरी ओढ्यात जाईल आणि ती पेटी पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या हातात. तुमच्यापैकी कुणी परदेशी मुलांकडे जाऊन अशी गाडी भाड्यानं घेणार असाल, किंवा मुलं जुनी विकत घेणार असतील, तर रंग आणि पडदे बघू नका. पावसाळी दिवशी बघायला जा. आत शिरताच नाकानं वास घ्या. खिडक्यांच्या कोपऱ्यात अंगठ्यानं भिंत दाबा. मऊ लागली तर मागं फिरा. टायरचे चार आकडे वाचा. गॅस, फ्रीज, पंप, हीटर, प्रत्येक चालवून दाखवायला सांगा. काचेवरचा दाखला कुठवर आहे ते बघा. आणि पहिली रात्र लांब कुठं नको, घराच्या अंगणातच काढा. काय विसरलंय ते तिथंच कळतं.

शेवटच्या दिवशी मी वही काढली. दहा दिवस, तीन माणसं, एकूण पाणी ५४० लिटर, पहिल्या दिवसाची उधळपट्टी धरून. माणशी रोज अठरा लिटर. यांना फोनवर सांगितलं.

"अठरा?" हे म्हणाले. "चैन केलीस की."